आठवी जागा कुणी घेतली

"झाडलं नाही तर बोलायचं, झाडलं तरी बोलायचं," सफाईच्या मावशी बादलीशी बोलत होत्या. "मागच्या खोलीत तीन वर्षांत कुणाचं पाऊल नाही. तिथली धूळ काढायची कुणासाठी? धुळीसाठीच?"

जिन्याच्या वळणावर ताई थांबल्या. मावशींची त्यांच्याकडे पाठ होती.

"मागची खोली बंद असते का हो?"

मावशी दचकल्या नाहीत. सफाईच्या बायका सहसा दचकत नाहीत. सगळ्यांचं सगळं त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. "बंद कशाला? उघडीच असते. जातंय कोण पण. आता साहेब म्हणतात, मावशी, लख्ख करा, चौकशीला माणूस येणार आहे. तो माणूस तुम्हीच का?"

"मीच."

"मग दुपारी झाडते."

"आज नका झाडू," ताई म्हणाल्या.

मावशींनी एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. झाडू नका म्हणणारा अधिकारी त्यांच्या नोकरीत प्रथमच येत होता.

रुग्णालयाचा संगणक विभाग तळघरात होता. ताई इथे सात वर्षं होत्या. सव्वातीन वर्षांपूर्वी बढती मिळून मुख्य कचेरीत गेल्या, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना फुलांचा एवढा मोठा गुच्छ दिला होता की तो घेऊन जिना चढता येईना. आता त्या त्याच जिन्याने खाली आल्या, हातात एक फाईल, आणि फाईलमध्ये एक पत्र. टाईप केलेलं, तारखेसह तयार. फक्त ताईंचा अहवाल जोडायचा होता, चारच्या आत. मग एका मुलीची नोकरी जाणार होती.

"सोपी गोष्ट आहे, मॅडम," विभागाचे साहेब म्हणाले. पूर्वी ते 'ताई' म्हणायचे. "आपले आठ सर्व्हर, सगळ्यांना मिळून एकच स्टोरेज. तुम्हाला काय सांगायचं."

"मला माहीत नाही असं समजून सांगा."

"आठ भावंडांचं एक कपाट. रुग्णांच्या नोंदी, फोटो, तपासण्या, सगळं त्या एका कपाटात. आणि कपाटाची शिस्त अशी की एका वेळी आठच जोडण्या. नववा आला तर दार उघडत नाही. आपले आठ आहेत, त्यामुळे कधी अडलं नाही."

"मंगळवारी अडलं."

"मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी धाकटीने सहा नंबर रीस्टार्ट केला. परवानगी होती, ठरलेलं काम होतं. सव्वाला सहा नंबर परत उभा राहिला आणि स्टोरेजने त्याला सांगितलं, जागा नाही. प्रयोगशाळेचे सगळे रिपोर्ट सहा नंबरवर. सत्तर मिनिटं एक रिपोर्ट दिसला नाही."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ते फाईलमध्ये होतं. त्या सत्तर मिनिटांत वर शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बाई रक्ताची वाट बघत पडली होती. रक्त जुळवलेलं होतं, पण कोणतं जुळवलं ते सांगणारी नोंद सहा नंबरवर होती. सगळं पुन्हा हाताने जुळवावं लागलं. चाळीस मिनिटं गेली. बाई वाचली. त्यात या तळघरातल्या कुणाची हुशारी नव्हती.

"जागा का नव्हती?"

"पोरीने घाई केली. सहा नंबरला स्टोरेजमधून रीतसर बाहेर न काढता तसाच बंद केला. माणूस गेला, पण खुर्चीवर त्याचा रुमाल तसाच. स्टोरेजला वाटलं, बसलाय अजून."

"जोडण्यांची यादी पाहिलीत?"

"तेव्हाच पाहिली. आठ ओळी. आठही आपल्याच, परका एकही नाही."

"त्यात सहा नंबर होता?"

"आठात सहा असणारच की."

"ओळी वाचल्या की मोजल्या?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, एकेका सर्व्हरचं नाव चाळीस अक्षरांचं असतं. वर फोन खणखणताहेत, डॉक्टर ओरडताहेत. अडीचच्या सुमारास मी स्टोरेजच बंद करून चालू केलं. सगळे आठ आत आले. विषय संपला."

"यादी?"

"ती पुसली गेली."

धाकटी सर्व्हरच्या खोलीत होती. तिथे बारा महिने थंडी असते. अंगावर जाड शाल घेऊन ती स्टुलावर बसली होती आणि कुणी न सांगता तारांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. विभागात सगळ्यात लहान म्हणून धाकटी; घरी मात्र थोरली, दोन भावांच्या शिक्षणाची काळजी तिच्यावर, हेही फाईलमध्ये कुणीतरी लिहिलं होतं. कशाला लिहिलं होतं देव जाणे.

"सहा नंबरला रीतसर बाहेर काढलं होतंस?"

"हो, मॅडम."

"नक्की?"

"दोनदा बघितलं होतं." चिकटपट्टी तिच्या बोटाला चिकटली. "पण तीन दिवस सगळे म्हणताहेत नाही काढलं. आता मलाच वाटायला लागलंय, नसेल काढलं."

ताईंना हे वाक्य आवडलं नाही. माणूस निर्दोष असला तरी चार जणांनी रोज सांगितलं की त्याचे खांदे आपोआप उतरतात.

"मंगळवारी इथे कोण कोण होतं?"

"मी. साहेब त्यांच्या खोलीत. मामा जेवायला गेले होते."

मामा म्हणजे विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर. आठ महिन्यांनी निवृत्त. त्यांच्या जेवणावर घड्याळ लावावं अशी ख्याती: साडेबाराला डबा उघडणार, एकला बंद.

"तू जेवलीस?"

"कुठलं जेवण. त्या दिवशी कुणीच नाही जेवलं. संध्याकाळी मामांनी जाताना आपला डबा मला दिला, म्हणाले खाऊन घे पोरी, मला भूक नाही. भरलेला होता तसाच."

"तसाच?"

"झाकणाची पट्टीसुद्धा काढली नव्हती."

ताईंनी ते लिहिलं नाही. काही गोष्टी लिहिल्या की उगाच मोठ्या दिसतात.

"त्या यादीचा काही माग?"

धाकटीने इकडेतिकडे बघितलं आणि शालीतून फोन काढला. "फोटो काढला होता. साहेबांना दाखवला, ते म्हणाले आता काय उपयोग."

ताईंनी फूटपट्टी मागितली. पडद्यावर ती आडवी धरून एकेक ओळ वाचायला घेतली, लहान मूल वाचतं तशी, अक्षर न् अक्षर. एक नंबर. दोन. पाच. चार. सात. आठ. तीन. आणि शेवटची ओळ.

"ही कुणाची?"

धाकटीने वाचली. पुन्हा वाचली. "चार नंबरची."

"चार नंबर वर येऊन गेला."

"हो." धाकटीचा आवाज बारीक झाला. "चार दोनदा आहे. आणि सहा नाहीच."

"म्हणजे सहा रीतसर बाहेर पडला होता. खुर्ची रिकामी होती, रुमालबिमाल काही नव्हता. कुणीतरी येऊन बसलं."

"पण चार नंबर तर एकच आहे आपल्याकडे."

"स्टोरेज नाव विचारते गं, तोंड बघत नाही," ताई म्हणाल्या. "मंगळवारी या तळघरात चार नंबरचा एक जुळा भाऊ होता."

धाकटीने शालीचं टोक तोंडाला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ताईंनी तिला बसू दिलं.

जुळा भाऊ आकाशातून पडत नाही. सर्व्हरची हुबेहूब प्रत एकाच रीतीने होते: बॅकअपमधून तो दुसऱ्या यंत्रावर उतरवायचा. आणि असं दुसरं यंत्र विभागात एकच होतं, मागच्या खोलीत.

ताईंनी तिचं दार ढकललं.

धूळ मावशींनी वर्णन केली होती त्याहून देखणी होती. जमिनीवर त्या धुळीतून दारापासून टेबलापर्यंत पावलांची एकच वाट गेली होती, आणि तीच परत आली होती. टेबलावर जुनं यंत्र. पाठीवर बोटभर धूळ, पण चालू करायचं बटण स्वच्छ. मागून एक तार निघून भिंतीतल्या खोबणीत गेली होती, थेट सगळ्या सर्व्हरना जोडणाऱ्या मुख्य जाळ्यात.

भिंतीवर प्लास्टिकच्या आवरणातलं एक पान होतं. वर ठळक मथळा: 'तिमाही तालीम. बॅकअपमधून सर्व्हर परत उभा करणे.' खाली दहा पायऱ्या, हाताने लिहिलेल्या. अक्षर वळणदार, सरळ रेघेत.

अक्षर अजून छान दिसतं, असं ताईंच्या मनात आलं, आणि लगेच कानशिलं तापली. ते त्यांचंच होतं.

तालीम ही ताईंची कल्पना. दर तीन महिन्यांनी एक सर्व्हर बॅकअपमधून या यंत्रावर उतरवायचा, तो उभा राहतो का बघायचं, वहीत नोंद करून तिघांनी सह्या करायच्या. आग लागली, पाणी शिरलं, तर रुग्णांच्या नोंदी परत आणता येतील याची खात्री. वरिष्ठ खूश झाले. इतर रुग्णालयांना हा विभाग उदाहरण म्हणून दाखवला गेला. ताईंची बढती या पानावरच झाली.

पायऱ्यांच्या पुढे कुणीतरी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पहिल्या पायरीपासून नववीपर्यंत. नववी पायरी होती, 'यंत्र चालू करा.' दहावी, 'तपासून नोंद करा.' दहावीपुढे खूण नव्हती.

ताईंनी पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, जे नव्हतं ते शोधत. आठव्या आणि नवव्या पायरीच्या मध्ये एक ओळ हवी होती: चालू करण्याआधी जाळ्याची तार काढा. ती नव्हती. तारेसकट चालू केलेली प्रत स्वतःला खरा चार नंबर समजून सरळ खऱ्या स्टोरेजचं दार ठोठावणार, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. फक्त एकदा करून बघायला हवं होतं.

वही खणात होती. चौदा नोंदी. सुरू अकरा, समाप्त एक, सर्व सुरळीत. सुरू अकरा, समाप्त एक, सर्व सुरळीत. चौदा वेळा तेच, चौदा वेळा ठीक एक. ताईंनी आयुष्यात संगणकाचं कुठलंच काम ठीक एकला संपलेलं पाहिलं नव्हतं. शेवटच्या पाचांखाली धाकटीची सही, नवी नवी, सगळी अक्षरं वाचता येणारी. पहिल्या दोन नोंदींखाली ताईंची.

पहिल्या तालमीच्या दिवशी यंत्राची विजेची तार सापडत नव्हती. साहेब म्हणाले होते, आज सही करून ठेवू, उद्या करू. दुसऱ्या वेळी ताईंच्या बदलीची गडबड. नंतर लोकांनी केली का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं असं थोडंच असतं.

पंधरावी नोंद अर्धी होती. मंगळवारची तारीख. 'सुरू १२:३५', मग ते खोडून '१२:४०'. पुढे काही नाही. त्या वहीतलं एवढंच खरं होतं, आणि तेवढ्यावरच खाडाखोड होती.

मामा चहाच्या यंत्रापाशी सापडले. पेला भरून ठेवला होता आणि प्यायला नव्हता.

"मामा, मंगळवारी पाऊणला कुठे होतात?"

"जेवत होतो."

"काय होतं डब्यात?"

मामांनी पेल्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं त्यांना कुणी डब्यात काय म्हणून विचारलं नव्हतं. "नेहमीचंच."

"नेहमीचं कोणी खाल्लं?"

मामांनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तालमीचं पान पेन्सिलीने कोण भरतं आपल्याकडे?"

"ताई," मामा हळूच म्हणाले. सकाळपासून हा शब्द त्यांना कुणी म्हटला नव्हता. "चारला काय ते होऊन जाऊ दे. पोरीचं नाव काढा आणि माझं घाला. आठ महिने राहिलेत, माझं काय व्हायचं ते होईल. पण खोलात नका जाऊ. तुम्ही तरी नका जाऊ."

"मी का नको?"

"वहीचं पहिलं पान तुम्हाला माहीत आहे."

साडेतीनला चौघं साहेबांच्या खोलीत बसले. धाकटी दाराजवळच्या खुर्चीत, निघायला सोपं जावं म्हणून असावं. ताईंनी फोटोतली यादी मोठी करून टेबलावर ठेवली.

"धाकटीची चूक नाही," त्या म्हणाल्या. "सहा नंबर रीतसर बाहेर पडला. या यादीत तो नाही. अडकून बसला असता तर त्याचं नाव दिसलं असतं. त्याऐवजी चार नंबर दोनदा आहे. मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर त्या दुपारी चारची प्रत उभी केली गेली. यंत्र तारेने जाळ्याला जोडलेलं. प्रत उठली आणि स्टोरेजकडे गेली. आठही जागा भरलेल्या, म्हणून दारात ठोठावत राहिली. एक दहाला सहा खुर्चीवरून उठला. संगीतखुर्चीत होतं तेच झालं, दारातला आत बसला. सव्वाला सहा परत आला तर नववा तोच ठरला."

साहेबांनी यादी जवळ ओढली. ओठ हलवत वाचली. चेहऱ्याचा रंग हळूहळू बदलला. "आणि मी हे समोर असून..."

"तुम्ही मोजल्यात. आठ भरल्या."

"प्रत कुणी उभी केली?"

"साडेबाराला डबा उघडायचा सोडून जो दुसरीकडे होता त्याने. डबा संध्याकाळपर्यंत बंद होता. वहीत बारा चाळीसची नोंद आहे. पानावर एकेका पायरीपुढे पेन्सिलीची खूण आहे. इतक्या नेटाने काम करणारा माणूस इथे एकच आहे."

मामा उभे राहिले, शाळेत उभं राहावं तसे. "मीच. निवृत्तीआधी तालीम धाकटीला शिकवून जायची होती. चार्ज देताना तसं लिहून द्यावं लागतं. म्हटलं, आधी आपण करून बघावी. कुणाला विचारलं नाही. विचारणार कसं?" मामा सांगत राहिले. "यंत्र चालू करून मी पडद्यासमोर बसून राहिलो, ते कशावर अडलंय ते कळेना. मग एकदम पुढे गेलं, तर मला वाटलं जमलं. आनंद झाला हो मला. बाहेर फोन वाजताहेत आणि मी आत खूश. अडीचला डोक्यात प्रकाश पडला, बटण बंद केलं. तेवढ्यात साहेबांनी स्टोरेज चालू केलं. सगळे सुटलो सुटलो म्हणत होते. तेव्हा बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पोरीचं पत्र टाईप झालं, तेव्हाही नाही. वर ती बाई टेबलावर होती आणि मी..." ते खाली बसले. "पोरी, माझ्याकडे नको बघूस."

धाकटी बघतच राहिली. "मामा, डबा कशाला दिलात मला?" एवढंच म्हणाली, आणि ते ऐकून मामांनी तोंडावर हात धरला.

साहेबांनीच सुरुवात केली, खालच्या आवाजात. "ठीक आहे. मॅडम, मग पत्रातलं नाव बदलू. परवानगी न घेता केलेलं काम, वैयक्तिक चूक. मामांची सेवा बघता सौम्य शिक्षा होईल. धाकटी सुटली. अहवाल तेवढाच ठेवू."

"चालेल," मामा लगेच म्हणाले.

"मॅडम, खरंच चालेल," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती. तेच जास्त वाईट होतं.

ताईंनी घड्याळ बघितलं. पावणेचार. अहवालाची शेवटची ओळ कोरी होती: कारण. तिथे 'एका कर्मचाऱ्याची चूक' लिहिलं की सगळे घरी जाणार होते, त्यासुद्धा. वर दुसऱ्या मजल्यावर ती बाई अजून खाटेवर होती. सकाळी येताना ताईंनी काचेतून पाहिलं होतं, नवरा तिला चमच्याने पाणी पाजत होता.

"एक प्रश्न राहिला," त्या म्हणाल्या. "मामांनी पानावरच्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या. नऊच्या नऊ. तरी असं झालं, कारण तार काढायची पायरी पानावर नाही. या पानाने चौदा तालमी झाल्या म्हणे. मग चौदा वेळा असं का नाही झालं?"

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. धाकटीने मान खाली घातली. त्यात तिच्याही पाच होत्या.

"ताई, राहू दे," मामा म्हणाले.

ताईंनी पेनाचं टोपण काढलं. लिहिता लिहिताच त्या मोठ्याने बोलल्या, म्हणजे नंतर खोडता येऊ नये.

"ही तालीम आपण एकदाही केलेली नाही. चौदाच्या चौदा नोंदी खोट्या आहेत. पान मी लिहिलं, आणि पहिली खोटी सही माझी आहे."